मागचा गिअर पडत नाही? स्क्रू मागाहून

सायकल उजव्या अंगावर पडली तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं. साताऱ्याहून कासला जाणाऱ्या रस्त्याला दगडाला टेकवून चहा पीत होतो, वारा आला, ती आडवी झाली. उचलली, माती झटकली, घरी आलो. दुसऱ्या दिवसापासून मधले गिअर खडखडायला लागले. मग अंगणात बसून मागच्या डिरेलरवरचे, म्हणजे चेन सरकवणाऱ्या भागावरचे, दोन स्क्रू आलटून-पालटून पिळले. आवाज कमी झाल्यासारखा वाटला. पुढच्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात चढ अंगावर आला, सगळ्यात हलक्या गिअरसाठी अंगठा दाबला. चेन मोठ्या चकतीवर चढली, पण तिथं थांबली नाही. पलीकडं आऱ्यांत घुसली आणि तिच्यामागोमाग डिरेलर. तीन आरे तुटले, डिरेलरचा पिंजरा पिळून निघाला. सायकल खांद्यावर घेऊन समर्थ मंदिरापर्यंत उतरलो.

दुकानातल्या मिस्त्रींनी एवढंच विचारलं, "उजव्या अंगाला पडलीवती का कधी?"

मी मान हलवली.

"मग स्क्रू कशाला पिळलं?"

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हा लेख. नवीन गिअरची सायकल घेतलेली मंडळी हमखास इथंच चुकतात. डिरेलरवर स्क्रू दिसतात, स्क्रू ड्रायव्हर घरात असतो, म्हणून हात तिकडं जातो. खरं तर ते स्क्रू म्हणजे शेताचे बांध. चेननं या टोकाच्या पलीकडं जायचं नाही आणि त्या टोकाच्याही नाही, एवढंच ते सांगतात. मधले गिअर नीट पडणं-न पडणं यात त्यांचा काडीचा संबंध नाही.

आधी कोण काय करतं ते

हँडलवर उजव्या हाताला शिफ्टर असतो. त्यातून निघालेली बारीक वायर मागच्या डिरेलरला ओढते. डिरेलर म्हणजे चेनला या चकतीवरून त्या चकतीवर नेणारा तो लोंबता भाग, ज्यात दोन छोटी चाकं असतात. वायर ओढली की तो आत, आऱ्यांकडं सरकतो. वायर सोडली की त्याच्या आतली स्प्रिंग त्याला बाहेर, लहान चकतीकडं आणते. म्हणजे चढवायचं काम वायर करते आणि उतरवायचं काम स्प्रिंग. एवढं डोक्यात पक्कं बसलं तरी निम्मे दोष आपोआप ओळखू येतात.

मागं मोठी चकती म्हणजे हलका गिअर, लहान चकती म्हणजे जड गिअर. स्क्रूवरच्या इंग्रजी 'एच' आणि 'एल' या अक्षरांनी इथंच घोळ होतो. 'एच' (हाय) लहान चकतीकडची हद्द, 'एल' (लो) मोठ्या चकतीकडची. अक्षरं गिअरच्या जडपणावरून आली आहेत, चकतीच्या आकारावरून नाही.

आणि हे किती नाजूक आहे ते बघा. शिमानो या जपानी कंपनीच्या सात गिअरच्या सेटमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर, एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत, साधारण ५ मिमी. वायर जेवढी ओढली जाते त्याच्या जवळजवळ १.७ पट डिरेलर सरकतो. म्हणजे वायर १ मिमी सैल पडली की डिरेलर १.७ मिमी मागं राहिला; चकत्यांमधल्या अंतराचा एक तृतीयांश! आठ, नऊ, दहा गिअरच्या सेटमध्ये चकत्या आणखी जवळ येतात, तिथं तर चूक अजिबात खपत नाही. १९८४ मध्ये शिमानोनं शिफ्टरलाच ठरावीक अंतराचे खटके दिले, त्याआधी लोक कानानं अंदाज घेत लिव्हर सरकवत. आपली सोय झाली, पण वायर काटेकोर ठेवायची जबाबदारीही आली.

रस्त्यावरच रोग ओळखा

घरी येऊन "गिअरला काहीतरी झालंय" असं म्हणण्याला अर्थ नाही. कोणत्या दिशेला अडतं ते चालवतानाच लक्षात ठेवा.

लहानाकडून मोठ्या चकतीकडं जाताना चेन कुरकुरते, खटका पडूनही जागची हलत नाही: वायर सैल आहे. हा सगळ्यात नेहमीचा दोष आणि सगळ्यात सोपा.

मोठीकडून लहानाकडं उतरायला उशीर लावते, दोन खटके टाकले की एकदम दोन चकत्या उतरते: वायर आउटरमध्ये, म्हणजे तिच्यावरच्या नळीत, अडते आहे. स्प्रिंग बिचारी ओढते, पण गंज आणि चिखल वायरला सोडत नाहीत. आपल्याकडं पावसाळ्यानंतर दहातल्या सात सायकलींचं हेच रडगाणं असतं, असं माझं मत. वायर जास्त ताणलेली असली तरी असंच होतं, पण ते क्वचित.

काही गिअर गुळगुळीत, काही खडखडणारे, आणि बॅरल (वायरचा ताण जुळवणारा गोल तुकडा) फिरवून एक सुधारला की दुसरा बिघडतो: हँगर, म्हणजे डिरेलर लटकतो तो तुकडा, वाकला असण्याची दाट शक्यता.

गिअर न बदलताच, जोर लावला की पायाखाली धाडकन घसरतं: चेन किंवा चकत्या झिजल्या आहेत. इथं वायर-स्क्रूचा काही दोष नाही.

खटका पडतच नाही, लिव्हर रिकामी हलते: शिफ्टरमधलं जुनं ग्रीस सुकून चिकट झालंय. सायकल वर्षभर जिन्याखाली पडून होती ना? झाकणाच्या फटीतून पातळ तेलाचा स्प्रे मारा, पंधरा-वीस वेळा लिव्हर दाबा, बहुतेक वेळा खटका परत येतो.

एक गोष्ट मात्र दोष नव्हे. पुढं तीन चकत्या असलेल्या सायकलवर पुढची लहान आणि मागचीही लहान, किंवा दोन्ही मोठ्या, अशी तिरकी चेन टाकली की आवाज येणारच. त्या जोड्या वापरायच्याच नाहीत.

सायकल टांगा

मागचं चाक हवेत फिरलं पाहिजे. स्टँड घ्यायची गरज नाही. आमच्या पडवीत झोपाळ्याच्या कड्या आहेत. झोपाळा काढून ठेवतो आणि सीटच्या नाकाखालून दोरी घालून सायकल टांगतो. आई दर वेळी बोलते, पण एवढं सोयीचं दुसरं काही नाही. कड्या नसतील तर सायकल उलटी, सीट-हँडलवर उभी करा. फक्त हायड्रॉलिक ब्रेक असतील तर फार वेळ उलटी ठेवू नका.

मग धुलाई. कासच्या बाजूची तांबडी माती तेलात मिसळली की तिचं सहाणेसारखं काम सुरू होतं. डिझेलमध्ये फडकं भिजवून चेन, चकत्या आणि डिरेलरची दोन छोटी चाकं पुसा. छोट्या चाकांवर काळं मेण साचलेलं असतं, ते जुन्या दाढीच्या ब्रशनं किंवा काडीनं खरवडा. चेन सुकली की प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, आणि दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं वरचं सगळं तेल पुसून टाका. ग्रीस चेनला लावायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. ते माती गोळा करतं.

वरच्या छोट्या चाकाला हातानं हलवलं तर ते आडवं थोडं हलेल. घाबरू नका. शिमानोच्या बऱ्याच डिरेलरमध्ये ती सैल मुद्दाम ठेवलेली असते, चेनला चकतीखाली आपली जागा शोधता यावी म्हणून.

चाक आणि हँगर

मागचं चाक खाचेत पूर्ण बसलंय का? पंक्चर काढल्यावर चाक एका बाजूला अर्धा सेंटिमीटर तिरकं बसवलेलं असतं आणि माणूस दोन तास गिअरशी झगडतो. नट किंवा क्विक रिलीज सैल करा, सायकल जमिनीवर सरळ उभी धरा, चाक खाचेत दाबा, पुन्हा आवळा.

आता सायकलच्या मागं उकिडवे बसा. डोळा चकत्यांच्या रेषेत आणा. डिरेलरच्या पिंजऱ्यातली दोन चाकं एकाखाली एक, चकत्यांना समांतर दिसायला हवीत. खालचं चाक आऱ्यांकडं झुकलेलं दिसलं, की समजा हँगर आत वाकलाय. हँगर म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमच्या टोकाचा छोटा तुकडा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर तो वेगळा, मऊ आणि बदलता येणारा असतो. फ्रेम वाचावी म्हणून त्यानं आधी वाकायचं, अशीच त्याची रचना. सायकल उजवीकडं पडली, एसटीच्या टपावर किंवा टेम्पोत उजव्या अंगावर आडवी टाकली, की पहिला बळी हाच.

वाकलेला हँगर अंदाजानं ओढून सरळ करण्याच्या भानगडीत नवख्यानं पडू नये. डिरेलर काढून तिथं एक लांब दांड्याचं मापक बसवतात आणि चाकाच्या कडेशी चारही बाजूंनी अंतर जुळवत हँगर सरळ करतात. हे अवजार ज्याच्याकडं आहे त्या दुकानात जा. मुंबई-पुण्याहून हँगर मागवायचा तर जुना सोबत ठेवून फोटोशी ताडून बघा. त्याचे शेकडो आकार आहेत आणि दिसायला सारखे वाटणारे दोन एकमेकांच्या जागी बसतीलच असं नाही. एक जादा हँगर सीटखालच्या पिशवीत असू द्या.

हँगर वाकलेला असताना पुढची कोणतीही पायरी करू नका. मी केली होती.

वायर

इथं वेळ द्या, कारण बहुतेकांचा आजार इथंच सापडतो.

पॅडल फिरवत गिअर सगळ्यात मोठ्या चकतीवर न्या. आता पॅडल थांबवा आणि चाक न फिरवता शिफ्टरचे सगळे खटके उलटे टाका. डिरेलर जागच्या जागी अडकून राहतो आणि वायर ढिली पडते. फ्रेमवर जिथं आउटर खाचेत बसलेलं असतं तिथून ते हळूच बाहेर निघतं. आता आउटरचा तुकडा हातात धरून वायरवर पुढं-मागं सरकवा. लोण्यातून सुरी फिरावी तसं जायला हवं. कुठं खरखर लागली, तांबडं पाणी आलं, वायर केसाळ झालेली दिसली तर ती संपली. सगळ्यात जास्त बिघाड डिरेलरजवळच्या त्या गोल वळणात होतो. पावसाचं पाणी वायरवरून ओघळत तिथंच जमतं.

नुसती खरखर असेल तर वायर पुसून तेलाचं बोट फिरवा, काही आठवडे निघतील. गंज असेल तर इनर आणि आउटर दोन्ही बदला. इथं एक फसगत होते. गिअरची इनर वायर १.२ मिमीची, ब्रेकची त्याहून जाड. आउटरही वेगळं: गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीनं सरळ असतात, ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. ब्रेकचं आउटर वाकवलं की दाबलं जातं, त्याची लांबी बदलते, आणि वर सांगितलेला तो १ मिमी इथंच हरवतो. दुकानदार "सगळं एकच असतंय" म्हणाला तर कापलेलं टोक बघा. सरळ तारांचे ठिपके दिसले पाहिजेत.

आउटर साध्या पकडीनं कापलं तर टोक चेपतं. केबल कटरनंच कापायचं, टोक कानशीनं सपाट करायचं आणि आतली प्लॅस्टिकची नळी दाभणानं गोल उघडायची. हे दाभणाचं काम बहुतेक लोक वगळतात आणि नवी वायरसुद्धा पहिल्या दिवसापासून अडते.

नवी वायर जोडण्याआधी, ती सुटलेली असतानाच, 'एच' स्क्रू तपासून घ्या. वायर नसल्यानं स्प्रिंगनं डिरेलर बाहेरच्या टोकाला आणलेला असतो. मागून बघा: वरचं छोटं चाक सगळ्यात लहान चकतीच्या बाहेरच्या कडेच्या सरळ खाली हवं. आतल्या बाजूला राहिलं असेल तर स्क्रू थोडा सोडा, जास्त बाहेर गेलं असेल तर आवळा.

मग शिफ्टर सगळ्यात जड गिअरवर, बॅरल पूर्ण आत आवळून एक फेरा सोडलेला. वायर डिरेलरच्या बोल्टखाली तिच्यासाठी असलेल्या खाचेतच घाला. बोल्टच्या चुकीच्या बाजूनं गेली तर ओढ बदलते आणि एकही गिअर जुळत नाही. हातानं ओढून ताठ करा, बोल्ट आवळा. बहुतेक सायकलींना इथं ५ मिमीची ॲलन की लागते. टोकाला टोपी चढवा, नाहीतर तारा उसवतात आणि पोटरीला ओरखडे काढतात.

बॅरल: खरी किल्ली

आउटर जिथं डिरेलरमध्ये शिरतं तिथं बोटांनी फिरणारा एक रेघांचा गोल तुकडा असतो, तो बॅरल. काही डिरेलरवर तो नसतो, मग शिफ्टरवर बघा. डावं-उजवं पाठ करत बसू नका. बॅरल आपल्या जागेतून बाहेर यायला लागला की वायर ताणली जाते, आत गेला की सैल होते.

चेन सगळ्यात लहान चकतीवर घ्या आणि पॅडल फिरवत एकच खटका टाका. दुसऱ्या चकतीवर गेली नाही? बॅरल अर्धा फेरा बाहेर. पुन्हा लहानवर या, पुन्हा खटका. गेली, पण तिसरीला घासल्याचा आवाज येतोय? पाव फेरा आत. आवाज थांबेल तिथं थांबा. मग एकेक करत वर जा आणि एकेक करत खाली या. उतरतानाही ऐकायचं, नुसतं चढताना जुळलं म्हणजे झालं नाही. अर्ध्या-पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका. घाई केली की आपण कुठं होतो तेच विसरतं.

आता स्क्रू

सगळे गिअर पडू लागले, की 'एल'. शेवटून दुसऱ्या चकतीवर या आणि मोठ्या चकतीवर हळू चढवा. चढल्यावर शिफ्टरचा अंगठा आणखी जोरानं दाबून धरा आणि डिरेलरलाही बोटानं आऱ्यांकडं ढकला. तो मोठ्या चकतीच्या बरोबर खाली अडायला हवा, तसूभरही पुढं नको. जात असेल तर 'एल' स्क्रू पाव-पाव फेरा आवळा. चेन मोठ्या चकतीवर चढतच नसेल आणि वायर ठीक असेल तरच तो सोडायचा, तोही तेवढाच. हे चाक हातानं सावकाश फिरवत तपासा, पॅडल जोरात फिरवून नाही. माझे तीन आरे याच तपासणीवाचून गेले.

तिसरा एक स्क्रू असतो, 'बी'. वरचं छोटं चाक आणि मोठी चकती यांच्यातली फट तो ठरवतो. ५-६ मिमी फट असली की चालतं. चाक चकतीला घासत असेल तर आवळा. कारखान्यातून आलेल्या सायकलीवर त्याला सहसा हात लावावा लागत नाही.

तरीही घसरतंय

मग चेन मोजा. १२ इंची स्टीलची पट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. ती पिन सोडून पुढं मोजत गेलं तर नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर येते. ती पुढं १/१६ इंच गेली असेल तर चेन बदला. १/८ इंच गेली असेल तर चकत्यांनीही त्या ताणलेल्या चेनचा आकार घेतलेला असतो. नुसती नवी चेन टाकली तर ती आणखी घसरेल. दोन्ही एकदम बदला. मागच्या चकत्यांचा जुडगा फ्रीव्हील प्रकारचा आहे की कॅसेट, हे आधी दुकानात दाखवा, दोन्ही काढायची अवजारं वेगळी.

ठरावीक अंतरानं एकच उडी येत असेल तर एखादी कडी आखडलेली असते. पॅडल हळू उलटं फिरवत छोट्या चाकांकडं बघत राहा. आखडलेली कडी तिथून जाताना पिंजरा उचकटतो. कडी दोन्ही हातांनी आडवी हलवा, तेलाचा थेंब द्या.

चाचणीला साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकाकडं जाणारा चढ पुरेसा आहे. गिअर चढाच्या आधीच टाका. चढात बदलावाच लागला तर अर्ध्या फेऱ्यापुरता पायातला जोर काढून घ्या. नव्या वायरचं आउटर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत आपल्या जागी बसतं आणि वायर सैल झाल्यासारखी होते. बॅरल अर्धा फेरा बाहेर काढला की काम झालं.

आणि वायर वाटेतच तुटली तर? स्प्रिंग डिरेलरला सगळ्यात लहान चकतीवर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर नेऊन ठेवते. एवढ्या एका प्रसंगी मात्र स्क्रू ड्रायव्हर आधी काढा. 'एच' स्क्रू आवळत राहा, डिरेलर आत ढकलला जाऊन चेन दुसऱ्या, कधी तिसऱ्या चकतीवर थांबते. पुढचे गिअर तर चालूच असतात. ठोसेघरहून परतताना माझी वायर अशीच तुटली होती. स्क्रू पूर्ण आवळला, पुढची लहान चकती घेतली आणि साताऱ्याच्या बोगद्यापर्यंत आलो. मध्ये दोनदा उतरून ढकलावी लागली, एवढंच.